दोघांची वर्षभराची भटकंती: आधी काय, नंतर काय

जोडीने फिरणाऱ्यांचे बेत फसतात ते बहुतेक वेळा क्रम चुकल्यामुळे. स्वस्त तिकीट दिसतं म्हणून ते आधी काढलं जातं. मग जागा ठरते, मग रजा मागितली जाते, मग कळतं की त्या महिन्यात तिथली खिंड बर्फाखाली असते. आणि निघायच्या आदल्या रात्री, कोरे करकरीत बूट पायात चढवताना लक्षात येतं की दोघांपैकी एकाला हा ट्रेक मुळात करायचाच नव्हता. कामं सगळी झालेली असतात, पण उलट्या क्रमाने.

खालचे टप्पे वर्षभराच्या आखणीसाठी आहेत: एखादी मोठी सहल, दोन-तीन मधल्या आणि बाकी एका दिवसाच्या. पुढचा टप्पा मागच्यावर उभा आहे, त्यामुळे मधला गाळू नका. सगळ्या टप्प्यांना लागू होणारा एकच नियम आहे: प्रत्येक निर्णय त्या बाबतीत ज्याची तयारी कमी आहे त्याच्या मापाने घ्यायचा. ही व्यक्ती दर वेळी तीच नसते. चढावर एकाला दम लागतो, तर पाण्यात दुसऱ्याचा जीव घाबरा होतो.

## १. दोन कागद, वेगवेगळे

पहिली बैठक एकत्र, पण लिहायचं वेगवेगळं. दोघांनी आपापल्या कागदावर तीन याद्या करायच्या: या वर्षी करायचंच आहे असं, चालेल असं, आणि अजिबात नको असं. तिसरी यादी सर्वांत महत्त्वाची आणि तीच लोक लिहीत नाहीत. उंचीची भीती, खोल पाणी, तंबूत कोंडल्यासारखं वाटणं, उघड्यावर शौचाला जायचा संकोच, अंधारात चालणं, थंडीत झोप न लागणं, हे सगळं तिथे आलं पाहिजे.

लिहून झाल्यावर कागद बदला आणि पाच मिनिटं दोघांनीही फक्त वाचा. 'यात काय घाबरायचं?' हा प्रश्न या बैठकीत वर्ज्य. समोरचा एकदा गप्प बसला की खरी भीती ट्रेकच्या तिसऱ्या दिवशी, सगळ्यांत अडचणीच्या जागी बाहेर येते.

मग प्रत्येक 'नको'पुढे खूण करा: कायमचं नको, की तयारी केली तर चालेल? कड्यावरच्या अरुंद वाटेची भीती सरावाने कमी होऊ शकते, तेव्हा वर्षाच्या सुरुवातीला सोपी धारेवरची वाट घेऊन बघता येईल. 'कायमचं नको' असेल तर ती जागा यादीतून गेली. त्यावर पुन्हा चर्चा नको.

सावधान: 'तुला आवडेल ते मला चालेल' हे उत्तर धरू नका. कागद कोरा असेल तर बैठक दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्या.

पुढे जाण्याआधी तपासा: दोघांच्याही 'करायचंच आहे' यादीतली किमान एक गोष्ट वर्षाच्या बेतात आली आहे ना?

## २. कॅलेंडरवर आधी अडचणी भरा

वर्षाचं कॅलेंडर समोर घ्या आणि ज्या दिवशी जाता येणार नाही ते दिवस आधी खोडा: कामाचे गर्दीचे महिने, घरातली कार्यं, परीक्षा, ठरलेले औषधोपचार, थोरामोठ्यांची जबाबदारी. उरलेल्या जागेत सहली बसवायच्या. उलट केलं तर बेत वर्षभर कापत बसावा लागतो.

मोठी सहल आधी बसवा, मग मधल्या, मग एका दिवसाच्या. मोठ्या सहलीच्या आधीच्या तीन महिन्यांत निदान एक मधली सहल आलीच पाहिजे, कारण तीच तिची तालीम. परतीच्या प्रवासानंतर एक पूर्ण दिवस घरासाठी ठेवा. रात्री उशिरा घरी आणि सकाळी कामावर, असा बेत आखला की शेवटच्या दिवशी हवामान बिघडलं तरी लोक खिंड ओलांडायला निघतात, कारण उद्या हजर व्हायचं असतं. डोंगरातल्या बऱ्याच चुकीच्या निर्णयांमागे परतीचं तिकीट असतं. म्हणून बहुदिवसीय ट्रेकमध्ये खास हवामानासाठी एक मोकळा दिवस धरायचा आणि तो कशातही खर्च करायचा नाही.

रजा याच टप्प्यावर, लेखी, दोघांचीही. एकाची मंजूर आणि दुसऱ्याची 'मिळून जाईल' असेल तर पुढे जाऊ नका.

पैशाचंही इथेच मिटवा. वर्षाची एक रक्कम ठरवा, तिचा मोठा वाटा मोठ्या सहलीला द्या आणि एक हिस्सा अडीअडचणीसाठी बाजूला काढा. कोण कशावर किती खर्च करणार हे वाटेत ठरवायला घेतलं की त्या दिवसाचा विचका होतो.

## ३. महिना बघून जागा, जागा बघून महिना नव्हे

आता तारखा हातात आहेत. त्या तारखांना कुठे जाणं शहाणपणाचं, एवढंच बघायचं. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे माहीत असूनही लोक विसरतात: तिथला उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. उंच खिंडींवरचा बर्फ उन्हाळा सुरू झाला तरी बरेच आठवडे टिकतो. पावसाळी प्रदेशात नद्या पाऊस ओसरत आला तरी फुगलेल्या असू शकतात.

हवामानाची सरासरी बघून समाधान मानू नका. चार गोष्टी शोधा: रात्रीचं किमान तापमान, महिन्यातले पावसाचे दिवस, वाऱ्याचा जोर आणि सूर्यास्ताची वेळ. शेवटची गोष्ट सगळे विसरतात. हिवाळ्यात उत्तर युरोपासारख्या प्रदेशात दिवस आठ तासांहूनही लहान होतो. उन्हाळ्यात जी वाट एका दिवसाची, ती तेव्हा अंधारात संपते.

हवामानाचा आकडा बहुधा पायथ्याच्या गावाचा असतो. उंचीचा हिशेब स्वतः करा. दर १००० मीटरला तापमान साधारण ६.५ अंश सेल्सिअसने उतरतं. गाव ८०० मीटरवर आणि मुक्काम २८०० मीटरवर असेल, तर गावातले १२ अंश म्हणजे मुक्कामाला शून्याच्या आसपास. वारा असेल तर अंगाला याहून कमी भासेल. ऊनही वर तीव्र होतं: दर १००० मीटरला अतिनील किरणं सुमारे १० टक्क्यांनी वाढतात, आणि बर्फावरून परावर्तित होणारी वेगळीच.

वर्षातल्या सहलींचा आपसातला क्रमही बघा. सोपी आधी, अवघड नंतर. थंडीची पहिली रात्र कमी थंड जागी. समुद्र आणि डोंगर एकाच सहलीत असतील तर स्कूबा डायव्हिंग आधी आणि लगेच विमान किंवा उंच घाट नंतर, असं कधीही करू नका. एकाच साध्या डायव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, आणि अनेक डायव्ह किंवा सलग दिवस केल्यास किमान १८ तास थांबावं लागतं. डीकम्प्रेशन थांबे (वर येताना पाण्यातच ठरावीक खोलीवर थांबणं) घ्यावे लागलेले डायव्ह असतील तर त्याहूनही बरंच जास्त. शक्य असेल तिथे डोंगर आधी, पाणी नंतर.

## ४. परवाने, कागदपत्रं, विमा, मग तिकिटं

लोकप्रिय वाटांवर रोजच्या माणसांची मर्यादा असते. पेरूमधला इन्का ट्रेल फेब्रुवारीत दरवर्षी बंद असतो, आणि इतर महिन्यांत वाटाडे-हमाल धरून दिवसाला ५०० जणांनाच सोडतात; हंगामातले परवाने काही महिने आधी संपतात. विमानाचं तिकीट हातात आणि परवाना नाही, अशी वेळ इथेच येते. म्हणून क्रम असा:

१. ज्या वाटेला मर्यादा आहे तिचा परवाना. नोंदणी कोणत्या दिवशी उघडते ते कॅलेंडरवर लिहा, गजर लावा.
२. पासपोर्ट. बरेच देश प्रवेशाच्या वेळी किंवा परतीच्या तारखेनंतर सहा महिन्यांची वैधता मागतात. दोघांचेही बघा, कोरी पानं मोजा.
३. व्हिसा. शेंगेन क्षेत्रात (युरोपातल्या बऱ्याच देशांचं सामाईक व्हिसा क्षेत्र) अल्पकालीन मुक्काम कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवसांपर्यंतच, आणि हा हिशेब सगळ्या सदस्य देशांचा मिळून होतो. वर्षात दोनदा जाणार असाल तर दिवस मोजून ठेवा.
४. विमा.
५. तिकिटं आणि मुक्काम.

विम्याच्या कागदात तीन ओळी शोधून वाचा: किती मीटर उंचीपर्यंत संरक्षण आहे, कोणते खेळ वगळले आहेत, आणि हेलिकॉप्टरने सुटकेचा खर्च धरला आहे का. साध्या प्रवास विम्यात डायव्हिंग, दोरावरची चढाई किंवा ठरावीक उंचीवरचा ट्रेक अनेकदा नसतो. एक आजारी पडला आणि दुसऱ्याला सोबत थांबावं लागलं, तर त्या थांबण्याचा खर्च कोण देणार, तेही विचारा. जोडप्यांच्या बाबतीत ही वेळ हमखास येते, आणि विचारत मात्र कोणी नाही.

तिकिटावरचं नाव पासपोर्टावरच्या नावाशी अक्षरनअक्षर जुळतं का ते बघा. लग्नानंतर आडनाव बदललं असेल आणि एकाच कागदावर नवं नाव असेल, तर आधी कागद सारखे करून घ्या.

पुढे जाण्याआधी तपासा: रद्द केल्यास पैसे कोणत्या तारखेपर्यंत परत मिळतात, ती तारीख प्रत्येक नोंदणीसमोर लिहिली आहे ना?

## ५. शरीर: बारा आठवडे धरा

मोठ्या ट्रेकची तयारी शेवटच्या पंधरवड्यात होत नाही. बारा आठवडे हातात ठेवा. आठवड्यातून तीन दिवस भरभर चालणं किंवा जिने, दोन दिवस पाय-पाठ-पोटाचे व्यायाम आणि एक लांब चाल. पाठीवरचं वजन थोडं थोडं वाढवत न्या, शेवटच्या काही आठवड्यांत प्रत्यक्ष न्यायचंय तेवढं. शेवटच्या आठवड्यात व्यायाम हलका करा.

चढाचा सराव सगळे करतात, उताराचा कोणी करत नाही. गुडघे आणि मांड्या उतरताना जास्त कुरकुरतात. जिने चढलात तर उतराही, वजनासकट.

वेळेचा अंदाज नेस्मिथच्या नियमाने काढा. हा नियम १८९२ पासून वापरात आहे: सपाटीवर दर ५ किलोमीटरला एक तास, आणि वर चढायच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटरची आणि ९०० मीटर चढाची वाट जवळजवळ चार तासांची. हा आकडा चपळ माणसाचा, न थांबता चालण्याचा. दोघांनी मिळून एखादी ओळखीची वाट वजन घेऊन चाला, खरा वेळ बघा आणि या अंदाजाशी ताडून बघा. दीडपट लागत असेल तर वर्षभर प्रत्येक वाटेला दीडपट धरा. स्वतःच्या जोडीचा हा गुणक हातात असला की बाकी आखणी कितीतरी सोपी होते.

बूट या टप्प्यावरच घ्या. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, ट्रेकचेच मोजे घालून मापून बघा. उतरत्या फळीवर उभं राहिल्यावर अंगठा पुढे टेकता कामा नये. मग ते लांब चालींमध्ये वापरा. निघायच्या दोन-तीन दिवस आधी पायाची नखं कापा. वाढलेलं नख उतारावर काळंनिळं पडतं.

सावधान: एकाला दम्याचा, हृदयाचा, रक्तदाबाचा त्रास असेल किंवा गर्भधारणा असेल, तर उंचीवरच्या सहलीचा निर्णय डॉक्टरांशी बोलून, आणि तोही चौथ्या टप्प्याच्या आधी.

## ६. सामान: काय वाटून घ्यायचं, काय नाही

जोडपी सामान अर्धं-अर्धं वाटतात: पाणी एकाकडे, खाणं दुसऱ्याकडे, टॉर्च एकच, ती पुढे चालणाऱ्याकडे. मग धुक्यात दहा मिनिटांचं अंतर पडतं आणि एकाकडे पाणी नाही, दुसऱ्याकडे उजेड नाही.

प्रत्येकाच्या सॅकमध्ये स्वतःचं असलंच पाहिजे ते असं: पाणी, दिवसभराचं खाणं, हेडलॅम्प आणि जादा सेल, शिट्टी, पावसाचं जाकीट, एक जादा उबदार थर, स्वतःची औषधं, नकाशाची प्रत, ओळखपत्र आणि थोडी रोख रक्कम. तंबू, स्टोव्ह, भांडी, प्रथमोपचार पेटी, पाणी शुद्ध करायचं साधन, दुरुस्तीचं सामान हे वाटून घ्यायचं. वाटणी सारखी नको, वजनाच्या प्रमाणात हवी. बहुदिवसीय सॅक अंगाच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याच्या आसपास ठेवा. ५५ किलोच्या आणि ८० किलोच्या माणसाने १४-१४ किलो उचलणं ही समानता नव्हे.

स्लीपिंग बॅग घेताना जोडप्यांची ठरावीक चूक होते: दोघांना एकसारखी. आयएसओ २३५३७ या मानकानुसार बॅगेवर 'कम्फर्ट' (आरामात झोप लागेल ते तापमान) आणि 'लिमिट' (अंग आखडून कशीबशी झोप लागेल ते) असे आकडे असतात. कम्फर्टचा आकडा प्रमाणित स्त्रीच्या शरीरावरून काढतात, लिमिटचा प्रमाणित पुरुषाच्या. थोडक्यात, एकसारख्या बॅगेत एकजण घोरतो आणि दुसरी कुडकुडते, यात कुणाचा दोष नाही. दोघांनीही कम्फर्टचाच आकडा बघा आणि तो अपेक्षित किमान तापमानाच्या चार-पाच अंश खालचा घ्या. ज्याला जास्त थंडी वाजते त्याची बॅग आणखी उबदार. खालच्या मॅटवर पैसे वाचवू नका, जमीन हवेपेक्षा जास्त ऊब ओढते.

दोघांचा म्हणून विकला जाणारा तंबू दोन मॅट कशाबशा मावण्याएवढाच असतो. सॅक आत ठेवायच्या असतील तर तिघांचा घ्या, किंवा मोठा ओसरा (दारापुढचा झाकलेला भाग) असलेला.

कपड्यांत सुती काही नको. सुती कापड भिजलं की ऊब धरत नाही आणि वाळतही नाही. झोपायचे कपडे आणि मोजे वेगळे, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि ते चालायला कधीही वापरायचे नाहीत, सकाळी ओले कपडे चढवायचा कितीही कंटाळा आला तरी.

सॅक भरताना जड वस्तू पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या उंचीवर. झोपायचं सामान तळाला. पावसाचं जाकीट आणि खाऊ सगळ्यात वर. भरून झाल्यावर एकमेकांच्या सॅक अदलाबदल करून डोळे मिटून हेडलॅम्प शोधा. जोडीदाराची टॉर्च अंधारात सापडत नसेल, तर सॅक पुन्हा लावा.

विमानात पॉवर बँक केबिनच्या बॅगेतच, सामानात सोडायची नाही. १०० वॉट-तासापर्यंतची साधारणपणे चालते. २०,००० एमएएचची सुमारे ७४ वॉट-तास भरते. गॅसचे डबे कुठल्याच बॅगेत चालत नाहीत, ते पोचल्यावर घ्यायचे. ते तिथे मिळतात का, आणि आपल्या स्टोव्हला बसतात का, हे आधी विचारून ठेवा.

## ७. रंगीत तालीम

मोठ्या सहलीच्या महिनाभर आधी, घरापासून जवळ, एक रात्र. सामान तेच, बूट तेच, जेवण तेच. आकाश भरून आलं असेल तर उत्तम, तालीम पुढे ढकलू नका. (वीज-वादळाचा इशारा असेल तर मात्र ढकला.)

तंबू दोघांनीही एकेकट्याने उभारून बघायचा, एकदा हेडलॅम्पच्या उजेडात. स्टोव्ह दोघांनीही पेटवायचा. नकाशा आणि जीपीएस अर्धी वाट एकाने, अर्धी दुसऱ्याने हाताळायचं. जोडीत कामं आपोआप वाटली जातात: एक वाट बघतो, दुसरा स्वयंपाक. रोजच्या सोयीला ते ठीक. पण वाट बघणाऱ्याचाच पाय मुरगळला तर दुसऱ्याला नकाशा वाचता यायला हवा.

सावधान: स्टोव्ह तंबूच्या आत किंवा बंद ओसऱ्यात कधीही पेटवू नका, पाऊस असो वा बर्फ. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि झोपलेला माणूस त्याने उठतच नाही. आगीचा धोका वेगळाच.

सकाळी उठल्यावर, चहा घेता घेता, दोघांनी तीन-तीन गोष्टी लिहा: काय वापरलंच नाही, काय कमी पडलं, कशाचा त्रास झाला. न वापरलेल्या वस्तूंमधून प्रथमोपचार, पावसाचं जाकीट आणि शिट्टी सोडून बाकी घरी ठेवा.

## ८. निघण्याआधी एक कागद मागे ठेवा

जोडी अडकली की दोघंही एकत्रच अडकतात, मागे कळवणारं कोणी उरत नाही. म्हणून घरच्या किंवा मित्रमंडळींतल्या एका जबाबदार माणसाकडे लेखी आराखडा द्या: रोजची वाट, मुक्काम, दोघांचे फोन, गाडीचा नंबर, तंबू आणि जाकिटांचे रंग, औषधांची ऍलर्जी, विम्याचा क्रमांक आणि स्थानिक बचाव यंत्रणेचा नंबर. सर्वांत महत्त्वाची ओळ शेवटची: 'अमुक दिवशी अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही, तर या नंबरवर कळव.' ही वेळ मोघम ठेवू नका, आणि सुखरूप उतरल्यावर आंघोळीच्याही आधी फोन करा.

नकाशे फोनमध्ये ऑफलाइन उतरवून ठेवा, दोन्ही फोनमध्ये. ११२ हा आपत्कालीन क्रमांक अनेक देशांत चालतो, तरी तिथला नेमका क्रमांक वेगळा लिहून घ्या.

## ९. वाटेवर

परतीची वेळ सकाळी ठरवा. 'दुपारी एकला जिथे असू तिथून मागे.' शिखर समोर दिसत असताना ही वेळ ठरवता येत नाही, म्हणून नाश्त्याला ठरवायची आणि दोघांनी मोठ्याने म्हणायची. अंधाराला किती अवकाश आहे ते हाताने बघता येतं: हात लांब करून क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये बोटं आडवी धरा, एक बोट साधारण पंधरा मिनिटं, चार बोटं एक तास. डोंगराआड सूर्य आधीच जातो, हे धरून चाला.

हळू चालणारा पुढे. जलद चालणारा पुढे राहिला की तो थांबतो, विसावतो, आणि मागचा पोचला की लगेच निघतो. ज्याला विश्रांतीची गरज जास्त, त्याला ती मिळतच नाही. हळू चालणारा पुढे असला की वेग आपोआप जुळतो. प्रत्येक फाट्यावर दोघं एकत्र येईपर्यंत पुढे जायचं नाही.

पायात चुरचुरलं की लगेच थांबा. टाचेवर गरम झाल्यासारखं वाटलं की तिथेच बूट काढा, पाय कोरडा करा, टेप गुळगुळीत लावा, सुरकुती राहू देऊ नका. 'पुढच्या मुक्कामाला बघू' म्हटलं की तोवर फोड आलेला असतो. थांबा म्हणायला संकोच वाटतो म्हणून दर तासाला दुसऱ्याने विचारायचं: पाय कसे आहेत?

मागे फिरण्यासाठी एकाचं मत पुरे. पुढे जायला दोघांचा होकार लागतो, परतायला एकाचाच. त्या क्षणी कारण विचारायचं नाही आणि नंतर टोमणा मारायचा नाही. हा नियम एकदा मोडला की पुढच्या वेळी समोरचा बोलणार नाही.

चिडचिड वाढली की आधी खा. पाणी, काहीतरी खाणं, एक थर चढवणं, दहा मिनिटं बसणं, वाद त्यानंतर. पण कुरकुर, अडखळणं, अस्पष्ट बोलणं, जाकिटाची चेन लावता न येणं ही अंगातली ऊब उतरत असल्याचीही लक्षणं आहेत. शरीराचं तापमान ३५ अंशांखाली गेलं की माणसाला स्वतःचं भान राहत नाही, 'मी ठीक आहे' असंच तो म्हणतो. जोडीदाराच्या शब्दांपेक्षा हातांकडे बघा. ओले कपडे बदला, वाऱ्यापासून आडोसा द्या, खालून मॅट घाला, शुद्धीवर असेल तर गोड गरम काहीतरी पाजा. मद्य नको.

उंचीवर. ३००० मीटरच्या वर झोपायची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर नेऊ नका, आणि दर तीन-चार दिवसांनी त्याच उंचीवर एक मुक्काम जास्त. डोकेदुखीबरोबर मळमळ, थकवा किंवा चक्कर असेल तर वर जायचं नाही. जमिनीवरच्या सरळ रेषेवर टाचेला अंगठा लावत चालायला सांगा. तोल जात असेल, किंवा स्वस्थ बसूनही धाप लागत असेल, तर रात्र असली तरी खाली उतरा. एकट्याला खाली पाठवू नका.

वीज. चमक आणि गडगडाट यांच्यात ३० सेकंद किंवा कमी अंतर असेल तर वीज १० किलोमीटरच्या आत आहे. धार, शिखर, एकटं झाड, पाणी सोडा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबा. दोघं एकमेकांना बिलगून बसू नका, अंतर ठेवा.

पाणी. प्यायचं पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं. हिमनदीचे ओढे दुपारी फुगतात, ते सकाळी ओलांडा आणि ओलांडताना सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा. समुद्रात ओढ आत नेऊ लागली तर किनाऱ्याला समांतर पोहून बाहेर पडा. एक वाहू लागला की दुसऱ्याने मागोमाग उडी टाकायची नाही. तरंगणारं काहीतरी फेका आणि मदत बोलवा. हे आधी बोलून ठेवावं लागतं, कारण त्या क्षणी मन उडी मारायलाच सांगतं.

मदतीचा इशारा. शिट्टी किंवा उजेडाचे मिनिटाला सहा इशारे, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. उत्तर मिनिटाला तीनचं येतं. उत्तर अमेरिकेत मात्र तीन इशारे म्हणजेच मदतीची हाक, तेव्हा जाल तिथली पद्धत बघून ठेवा.

शौचासाठी पाणी, वाट आणि मुक्कामापासून निदान ६० मीटर दूर, १५ ते २० सेंटिमीटर खोल खड्डा. कागद पिशवीत भरून परत.

## १०. परतल्यावर, दोन दिवसांच्या आत

दोघंही थकलेले असतात म्हणून हा टप्पा हमखास राहतो, आणि पुढच्या सहलीत तंबूला बुरशी, बूट आक्रसलेले, हेडलॅम्पमध्ये सेल गळलेले सापडतात. तंबू उघडून सावलीत पूर्ण वाळवा, शिवणीच्या कडाही. स्लीपिंग बॅग दाबून ठेवू नका, मोठ्या सैल पिशवीत किंवा टांगून ठेवा. बुटांत कागद कोंबून हवेवर वाळवा, हीटरसमोर किंवा कडक उन्हात नको. सेल काढून ठेवा. प्रथमोपचार पेटीतलं वापरलेलं त्याच आठवड्यात भरा.

मग दोघांनी पुन्हा कागद घ्या, वेगवेगळे. कुठे भीती वाटली, कुठे जास्त थांबायला हवं होतं, कोणती वस्तू फुकट वाहिली, वेळेचा गुणक बदलला का. पहिल्या टप्प्यातल्या याद्यांमध्ये त्याप्रमाणे खाडाखोड करा: 'तयारी केली तर चालेल' मधलं काही 'करायचंच आहे' मध्ये येईल, काही 'कायमचं नको' मध्ये जाईल. पुढच्या सहलीच्या परवान्याची नोंदणी कोणत्या तारखेला उघडते, ते त्याच बैठकीत कॅलेंडरवर बघून घ्या.